डिझाईनचे पैसे किती सांगायचे आणि कधी सांगायचे? सातारा-सांगलीच्या फ्रीलान्सर मुलामुलींसाठी

शाबान सुरू झाला की सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या मोहल्ल्यांत एक काम हमखास निघतं, ते म्हणजे सहर-इफ्तारच्या वेळापत्रकाचं कार्ड. एका बाजूला रमजानच्या ३० दिवसांच्या वेळा, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी दुकानाची जाहिरात. हे काम मोहल्ल्यातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला कॉम्प्युटर येतो त्यांच्याकडे जातं. "बेटा, दोन दिवसांत करून दे, पैशाचं बघू नंतर," असं सांगितलं जातं. ईद होते, बकरी ईद येते, तरी ते 'नंतर' येत नाही. मुलगा मागत नाही, कारण समोरचे चाचा त्याच्या अब्बांच्या ओळखीचे. चाचा देत नाहीत, कारण एवढ्याशा कामाचे कसले पैसे, असं त्यांना मनापासून वाटतं. दोघांपैकी कुणाचीच नियत वाईट नाही, पण सुरुवातीला जे बोलायला हवं होतं ते कुणीच बोललेलं नाही.

आम्ही शाळेत शिकवतो. दहावी-बारावीनंतर कोरल ड्रॉ, फोटोशॉप, इनपेज शिकून घरूनच काम करणारे बरेच माजी विद्यार्थी भेटायला येतात. त्यांची अडचण सॉफ्टवेअरची नसते. "पैसे किती सांगू?" आणि "सांगितले तर नाराज होतील का?" हे दोनच प्रश्न असतात. हाताला चांगलं काम असलेली मुलं याच दोन प्रश्नांपायी कंटाळून काम सोडतात आणि पुण्याला मिळेल ती नोकरी धरतात. म्हणून ही माहिती एका ठिकाणी मांडत आहोत.

डिझाईन फुकट का वाटतं?

आपल्याकडे बहुतेकांचा डिझाईनशी पहिला संबंध फ्लेक्सच्या दुकानात येतो. फ्लेक्सचा हिशोब चौरस फुटावर असतो. १० बाय ८ चा बोर्ड म्हणजे ८० चौरस फूट. फुटाला १२ रुपये दर धरला तर ९६० रुपये झाले. बिलावर एवढंच लिहिलेलं असतं. डिझाईन करणाऱ्याचा तास-दीड तास त्या ९६० मध्ये कुठेतरी मिसळलेला असतो, पण तो दिसत नाही. दुकानदाराला हे परवडतं, कारण त्याचं मशीन चालतं आणि छपाईत त्याचे पैसे सुटतात.

फ्रीलान्सरकडे मशीन नाही. त्याच्याकडे विकायला डिझाईनच आहे. "डिझाईनचे काही नको, प्रिंटिंगमधून बघू," असं तो म्हणाला तर त्याने आपला सगळा मालच फुकट दिला. म्हणून पहिला नियम असा की छपाई आणि डिझाईन या दोन रकमा कायम वेगळ्या सांगायच्या आणि वेगळ्या लिहायच्या. छपाई तुम्हीच करून देत असलात तरीसुद्धा.

कसब आणि सामान यांतला फरक समजून घ्यायला आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी बहुतेक घराणी शिकलगार समाजाची, म्हणजे पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्यांची. तानपुरा घ्यायला गेलात तर गाणार कोण, पुरुष की बाई, हे आधी विचारतात, कारण स्वराप्रमाणे तानपुऱ्याचं माप बदलतं. किमतीचं बोलणं त्यानंतर. आणि जवारी काढायची तर घोडीचा पृष्ठभाग अगदी थोडा घासतात. सामान जवळजवळ काहीच लागत नाही, पण तार बोलते की नाही ते त्यावरच ठरतं. जवारीचे पैसे देताना "नुसतं घासलं तर आहे" असं कुणी म्हणत नाही. डिझाईनही याच जातीचं काम आहे. आधी विचारायचं, मग किंमत सांगायची, आणि किंमत हाताच्या कसबाची असते.

मेहनताना आधी ठरवणं : दीन काय सांगतो?

"आपल्याच माणसाकडे पैशाचं काय बोलायचं," ही भावना चांगल्या घरातून आलेली असते. पण फिकहमध्ये उलट सांगितलं आहे. मोबदला देऊन काम करून घेण्याच्या व्यवहाराला इजारा म्हणतात. इजारा सही होण्यासाठी काम काय आहे आणि उजरत किती आहे, या दोन्ही गोष्टी माहीत असाव्या लागतात. पुढे तंटा होईल असा अंधार व्यवहारात ठेवला तर तो व्यवहार बिघडतो. हनफी फिकहप्रमाणे असं बिघडलेलं कामसुद्धा करून घेतलं असेल तर उजरत-ए-मिस्ल, म्हणजे तशा कामाला बाजारात जो रास्त मोबदला असेल, तो द्यावा लागतो. 'ठरलंच नव्हतं' म्हणून सुटका होत नाही.

सूरह कससमध्ये हजरत मूसा अलैहिस्सलाम मदयनला पोहोचतात तेव्हाचा प्रसंग आहे. तिथले बुजुर्ग त्यांना कामावर ठेवताना आठ वर्षांची मुदत सांगतात, दहा पूर्ण केली तर ती तुमची मर्जी म्हणतात, आणि मी तुमच्यावर सख्ती करू इच्छित नाही हेही स्पष्ट करतात. एका घरात राहणार होते, नातं जुळणार होतं, तरी सगळं आधी बोलून घेतलं. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायचा हुकूम आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी मोबदला देण्याची हदीस इब्ने माजामध्ये आहे. पूर्ण काम करून घेऊन उजरत बुडवणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, अशा अर्थाची हदीस सहीह बुखारीमध्ये आहे. तेव्हा दर सांगणं हा उद्धटपणा नाही. दोघांचा व्यवहार साफ ठेवण्याची ती पहिली पायरी आहे.

आपला तासाचा दर काढा

दुसऱ्याचा दर ऐकून आपला दर ठरवू नका. आधी आपला खर्च कागदावर मांडा. खालचे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तिथे तुमचे आकडे घाला.

• घरखर्चातला आपला वाटा : १५,००० रुपये
• लॅपटॉप ४८,००० चा, चार वर्षं चालेल असा धरून, महिन्याला : १,००० रुपये
• इंटरनेट, वीज, फोन : १,५०० रुपये
• सॉफ्टवेअर, फॉन्ट, चित्रांचे परवाने : १,५०० रुपये
• पेट्रोल, प्रेसच्या फेऱ्या : २,००० रुपये
• आजारपण आणि रिकाम्या महिन्यांसाठी बाजूला : ३,००० रुपये

एकूण २४,००० रुपये. आता तास मोजू. २५ दिवस रोज आठ तास म्हणजे २०० तास होतात. पण त्यातला निम्मा वेळ बोलण्यात, प्रूफ दाखवण्यात, प्रेसला जाण्यात आणि उधारी मागण्यात जातो. बिल लावता येईल असे १०० तासच धरा. २४,००० भागिले १००, म्हणजे तासाला २४० रुपये. ही तुमची तळाची रेघ.

आता उर्दू-मराठी निकाहचं कार्ड घ्या. दोन्ही लिप्यांचं टायपिंग २ तास, मांडणी २ तास, दोन वेळच्या दुरुस्त्या १ तास. पाच तासांचे १,२०० रुपये झाले. हेच कार्ड ३०० रुपयांत केलं तर तासाला ६० रुपये पडले.

"आमच्या गावात १,२०० कोण देतं?" असं लगेच विचाराल. बरोबर आहे. तेव्हा दर पाडू नका, तास कमी करा. सात-आठ कार्डांचे तयार नमुने करून ठेवा. तयार नमुन्यात नावं, तारखा घालून द्यायला दीड तास लागतो, ते ४०० रुपयांत परवडतं. ज्याला सगळं नवीन हवं त्याला १,२००. दोन्ही भाव समोर ठेवा, गिऱ्हाईक आपल्या ऐपतीप्रमाणे निवडेल.

न दिसणाऱ्या कामाचेही पैसे असतात

गिऱ्हाईकाला कळावं म्हणून ही कामं नाव घेऊन सांगा.

*दोन लिप्या.* उर्दू कार्ड उजवीकडून उघडतं, मराठी डावीकडून. दोन्ही एकाच कार्डात बसवायचं तर घडी आधी ठरवावी लागते. नस्तालीकची ओळ देवनागरीपेक्षा जास्त उंची खाते. पाहुण्यांची नावं दोन्ही भाषांत तपासावी लागतात.

*वेळापत्रक.* सांगली साताऱ्याच्या पूर्वेला आहे, म्हणून तिथे सूर्य मिनिट-दोन मिनिटं आधी मावळतो. सांगलीच्या वेळा उचलून साताऱ्याच्या कार्डावर टाकल्या तर मगरिबच्या आधीच कुणाचा तरी रोजा सुटायचा. प्रत्येक ओळ आपल्या मस्जिदीकडून आलेल्या वेळांशी ताडून बघणं हे मोठं जबाबदारीचं काम आहे.

*पॅकिंग.* सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, महाबळेश्वर-पाचगणीकडचा स्ट्रॉबेरी जॅम यांची पाकिटं करणाऱ्यांना एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, वजन, एमआरपी, हिरव्या चौकटीतलं हिरवं वर्तुळ, उत्पादकाचा पत्ता हे सगळं नियमाप्रमाणे बसवावं लागतं. चूक राहिली तर हजारो पाकिटं वाया जातात. वाढदिवसाचा फ्लेक्स दोन दिवसांत उतरतो, हळदीचं पाकीट मात्र वर्षानुवर्षं दुकानात दिसतं. म्हणून लोगो आणि पॅकिंगचा दर नुसत्या तासांवर ठरवायचा नाही. धंद्याला ते किती काळ आणि किती ठिकाणी कामाला येणार, हे बघून वाढवायचा.

बजेटचं बोलणं कसं करायचं?

पहिल्याच भेटीत "किती घेणार?" असं विचारलं जातं. तिथल्या तिथे आकडा फेकू नका. आधी चार प्रश्न विचारा. काय काय हवं आहे? कुठे वापरणार? कधी हवं आहे? शेवटचं पसंत कोण करणार? चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात. एक भाऊ पसंत करतो, दुसरा बदल सांगतो, शेवटी मामू सगळंच बदलायला लावतात. पसंती देणारा माणूस एकच हवा.

मग बजेट विचारा. "चाचा, याला किती खर्च करायचं ठरवलंय? म्हणजे त्यात चांगल्यात चांगलं काय बसतं ते सांगतो." यावर दोन उत्तरं येतात.

एक, "तूच सांग." मग तीन पर्याय द्या. दुकानाच्या बाबतीत : फक्त लोगो, लोगो, व्हिजिटिंग कार्ड आणि बिलबुक, किंवा हे सगळं आणि बोर्ड, पिशवीसकट. प्रत्येकापुढे रक्कम लिहा. माणूस 'हो की नाही' या विचारातून निघून 'यातलं कोणतं' या विचाराला लागतो.

दोन, "अमका तर २०० रुपयांत करून देतो." इथे अमक्याला नावं ठेवायची नाहीत. "त्यांचं काम त्यांच्या हिशोबाने ठीक असेल. माझ्या ८०० मध्ये दोन वेगळे नमुने, दोन वेळच्या दुरुस्त्या आणि उर्दू-मराठी प्रूफ आहे. ५०० मध्ये करायचं तर एकच नमुना आणि एक दुरुस्ती देईन," असं सांगा. पैसे कमी केले तर काम कमी करा. तेवढ्याच कामाचे पैसे कमी केले की आधीचा आकडा खोटा होता, असं समोरच्याला वाटतं आणि पुढच्या वेळी तो त्याहून खाली मागतो.

आपल्या भागात आणखी एक उत्तर असतं : "ऊसबिल आलं की देतो." शेतकऱ्याची अडचण खरी असते. पण ऊस घातल्यावर १४ दिवसांत बिल मिळावं, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे आणि त्यासाठी आपल्याच भागात आंदोलनं होतात. हे ज्याला कळतं त्याला तुमचंही बिल मुदतीत हवं हे समजावता येतं. मुदत द्यायला हरकत नाही, फक्त तारीख घ्या.

मस्जिद, मदरसा आणि घरची माणसं

दीनी कामात सवाबची नियत असेल तर जरूर फुकट करा, पण काम हातात घेतानाच तसं सांगा. "सदरसाब, याचे १,५०० होतात, हे माझ्याकडून फी सबीलिल्लाह." बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली माफ केल्याची नोंद करा. कमिटीला कळतं की आपल्याला १,५०० ची मदत मिळाली, आणि तुमच्या मनात नंतर कुढत बसणं राहत नाही. आधी गप्प राहून, मग न मिळाल्यावर "जाऊ दे, सदका झाला" म्हणण्यात देण्याचा आनंद नसतो. वर्षाला अशी किती कामं करायची तेही ठरवून ठेवा.

कमिटीच्या जबाबदार लोकांनाही सांगणं आहे. गवंड्याला, रंगाऱ्याला, मंडपवाल्याला आपण पैसे देतो. लॅपटॉपवर बसलेल्या मुलाची मेहनत दिसत नसली तरी ती मेहनतच आहे. त्याला आपणहून विचारा, "बेटा, याचे किती झाले?"

लिहून काय घ्यायचं?

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने निकाहचं कार्ड केलं होतं. मजकूर फोनवर सांगितलेला. वलीम्याची तारीख चुकली आणि ५०० कार्डं तशीच छापून आली. घरचे म्हणाले चूक तुझी, ती म्हणाली तुम्हीच तशी सांगितली. लेखी काहीच नव्हतं. दुसऱ्यांदा छपाईचे पैसे तिने भरले आणि पुढे दोन वर्षं कार्डाचं कामच घेतलं नाही. एक साधा मेसेज असता तर हे टळलं असतं.

कराराला स्टॅम्प पेपर लागत नाही. व्हॉट्सॲपवर एवढं लिहा आणि समोरच्याचं "मंजूर" घ्या :

१. काम काय, किती नग, कोणत्या भाषांत.
२. डिझाईनची रक्कम आणि छपाईची रक्कम, वेगवेगळी.
३. आगाऊ किती (निम्मे मागायला हरकत नाही), बाकी कधी.
४. दुरुस्त्या किती वेळा. त्यापुढे प्रत्येक वेळी किती.
५. मजकूर लेखीच द्यावा. शेवटच्या प्रूफला 'ओके' आल्यावरच छपाई. ओके नंतर सापडलेल्या चुकीचा खर्च गिऱ्हाईकाचा.
६. कच्ची फाईल देणार की नाही. देणार तर त्याची रक्कम.

आगाऊ रकमेबद्दल एक मसला लक्षात ठेवा. सौदा मोडला म्हणून बयाणा जप्त करणं बहुसंख्य फुकहांना मान्य नाही, हंबली मताने त्याला परवानगी आहे. यातून सोपी वाट म्हणजे आगाऊ रक्कम पहिल्या टप्प्याच्या कामाची उजरत म्हणून लिहायची. काम मध्येच थांबलं तर झालेल्या कामाचे ठेवा, उरलेले परत करा.

लोगोची मालकी हाही लेखी ठरवायचा विषय आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या डिझायनरने केलेल्या लोगोचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, तो स्वतः असतो. फोटो, पेंटिंग अशा काही कामांना वेगळा नियम आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क लिहून द्या. गिऱ्हाईकानेही तो मागून घ्यावा, त्यात दोघांची सोय आहे.

पैसे अडकले तर?

आधी आठवण करा, तारखेसकट आणि नरमाईने. "चाचा, १० तारखेला बाकीचे ६०० द्यायचं ठरलं होतं." तरी नाही झालं तर मोहल्ल्यातल्या एखाद्या बुजुर्गाला मध्ये घ्या. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

कंपनी किंवा मोठा व्यापारी असेल तर कायदाही हाताशी आहे. उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि मोफत होते, सेवा देणाऱ्यालाही करता येते. कामं घ्यायला सुरुवात करण्याआधीच ती करून ठेवा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत आणि ठरलेली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाल्यास व्याजाची तरतूद त्यात आहे. ते व्याज घ्यावं की नाही हे आपल्या आलिमांना विचारा, पण मुद्दल मागायला संकोच नको. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते, म्हणून बिलं आणि मेसेज पुसून टाकू नका.

काही कंपन्या बिलातून टीडीएस कापतात. पॅन द्या, रिटर्न भरा, कापलेली रक्कम हिशोबात येते. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते, म्हणजे सुरुवातीच्या मुलांनी त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

आजच करायच्या तीन गोष्टी

एक, आपला तासाचा दर काढून वहीत लिहा. दोन, वरच्या सहा मुद्द्यांचा मेसेज तयार करून फोनमध्ये ठेवा. तीन, पुढचं काम येईल तेव्हा फाईल उघडण्याआधी रक्कम सांगा. पहिल्या वेळी जीभ जड होईल. समोरचे चाचा थोडं थबकतील, कदाचित घासाघीसही करतील. पण एकदा ठरलं की ईदच्या दिवशी गळाभेट घेताना दोघांच्याही मनात बाकी राहणार नाही. अल्लाह आपल्या मुलामुलींच्या हातच्या कमाईत बरकत देवो. आमीन.